मौनालाही मुभा नव्हती: कम्युनिस्ट चीनची पहिली अकरा वर्षे

१९५० च्या सप्टेंबरमध्ये बीजिंगमधल्या एका तरुणाने आपल्या वडिलांना जाहीरपणे नाकारले. वडील म्हणजे हू शी. बोलभाषेतून साहित्य लिहावे म्हणून झगडलेले विचारवंत, पीकिंग विद्यापीठाचे माजी कुलगुरू आणि अमेरिकेतले चीनचे माजी राजदूत. कम्युनिस्ट फौजा शहराच्या वेशीपर्यंत आल्यावर त्यांनी बीजिंग सोडले. धाकटा मुलगा हू सिदू मात्र मागे राहिला. बाप जनतेचा शत्रू आहे, असे मुलाने लिहून दिले. परदेशात ही बातमी पोहोचल्यावर हू शी यांनी दिलेल्या प्रतिक्रियेचा आशय असा होता : या राजवटीत बोलण्याचे स्वातंत्र्य नसते हे माहीत होते, आता गप्प बसण्याचेही नसते हे कळले. सात वर्षांनी सिदूवरच ‘उजवा’ असा शिक्का बसला आणि त्याने आत्महत्या केली.

प्रजा गप्प राहिली की बहुतेक हुकूमशहांचे भागते. माओ त्से-तुंग यांच्या पक्षाचे तेवढ्यावर भागत नव्हते. नागरिकाने बोलावे, लिहून द्यावे, सभेत उभे राहून दुसऱ्यावर आरोप करावेत आणि स्वतःच्या चुका कबूल कराव्यात, अशी त्याची मागणी होती. पहिल्या दशकातली नियंत्रणाची सारी यंत्रणा या मागणीभोवती उभी राहिली.

तालीम येनानमध्ये

सत्ता १९४९ मध्ये आली, पण या पद्धतीची तालीम त्याआधीच झाली होती. ‘लाँग मार्च’ या लांबलचक माघारीनंतर पक्षाने शान्शी प्रांतातल्या येनानला मुक्काम ठोकला. जपानविरोधी युद्धाच्या काळात देशभरातले ध्येयवादी तरुण तिथे पोहोचत होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर १९३९ च्या फेब्रुवारीत याच येनानला आले. त्याग आणि साधेपणा यांचे गाव म्हणून मराठी वाचकाच्या मनात येनान आहे ते कोटणिसांमुळे. तो साधेपणा खोटा नव्हता. पण तिथेही प्रतवारी होती, आणि ती बोलून दाखवणाऱ्याचे काय होते हे १९४२ मध्ये दिसले.

त्या वर्षी मार्चमध्ये वांग शिवेई या लेखकाने पक्षाच्या दैनिकात लेख लिहिला. सामान्य कार्यकर्ते आणि नेते यांच्या अन्नवस्त्रात इतका फरक का, असा त्याचा सवाल होता. त्याच महिन्यात लेखिका डिंग लिंग यांनी पक्षातल्या स्त्रियांना लावल्या जाणाऱ्या दुटप्पी मापांवर लिहिले. दोघेही पक्षाचे सभासद होते आणि क्रांती खऱ्या अर्थाने पुढे जावी म्हणूनच लिहीत होते. डिंग लिंग यांनी चूक कबूल केली आणि वांग शिवेईंच्या निषेधात भाग घेतला. वांग शिवेईंनी नमते घेतले नाही. त्यांना ट्रॉट्स्कीवादी ठरवून तुरुंगात टाकले गेले आणि १९४७ मध्ये ठार मारण्यात आले. मे १९४२ मध्ये माओ यांनी येनानच्या साहित्यसभेत भाषणे करून कलेचे काम राजकारणाची सेवा करणे हे आहे, असा दंडक घालून दिला. पुढच्या वर्षी सुरक्षाप्रमुख कांग शेंग यांच्या ‘बचाव मोहिमे’त हजारो निष्ठावंतांकडून हेर असल्याचे खोटे कबुलीजबाब वदवून घेतले गेले. पुढे त्यातल्या बऱ्याच जणांना दोषमुक्त केले आणि खुद्द माओंनी माफीही मागितली. पद्धत मात्र टिकली : छोटा गट, लेखी आत्मवृत्त, सहकाऱ्यांचा भडिमार आणि कबुली.

‘जनता’ कोण, हे ठरवायचे कोणी?

१ ऑक्टोबर १९४९ रोजी जनता प्रजासत्ताकाची घोषणा झाली. नव्या राजवटीने कागदावर हक्क नाकारले नव्हते. १९५४ च्या राज्यघटनेच्या ८७ व्या कलमात भाषण, मुद्रण, सभा, संघटना, मिरवणूक आणि निदर्शने यांचे स्वातंत्र्य दिलेले होते. कम्युनिस्टांखेरीज आठ छोटे पक्षही कायम ठेवले होते आणि त्यांच्या काही नेत्यांना मंत्रिपदे मिळाली होती.

मेख होती ती ‘जनता’ या शब्दाच्या व्याप्तीत. सत्ता हाती येण्याच्या तीन महिने आधी लिहिलेल्या निबंधात माओंनी भूमिका मांडली होती : लोकशाही जनतेसाठी, हुकूमशाही प्रतिगाम्यांवर. कोण जनतेत मोडतो आणि कोण शत्रूत, हे न्यायालयाने नव्हे, तर पक्षाने ठरवायचे. आणि परिस्थितीप्रमाणे ही रेघ सरकणार. रेघेच्या पलीकडे गेलेल्या माणसाला घटनेतली कलमे लागू पडत नसत. म्हणूनच पुढच्या प्रत्येक मोहिमेत सगळी झटापट एका शिक्क्यासाठी झाली. जमीनदार, प्रतिक्रांतिकारक, उजवा, वाईट घटक असा एक शिक्का बसला की बाकीचे आपोआप घडे. तो शिक्का मुलाबाळांच्या शिक्षणालाही आणि लग्नालाही आडवा येई.

प्रमाण ठरवून शिक्षा

पहिली मोठी लाट १९५० च्या अखेरीस उसळली. कोरियात युद्ध पेटले होते, देशात पराभूत राष्ट्रवादी पक्षाचे, म्हणजे कुओमिंतांगचे उरलेसुरले सैनिक, गुप्त संघटना आणि टोळ्या होत्या. काही धोका खराच होता. पण प्रतिक्रांतिकारकांविरुद्धच्या या मोहिमेत मृत्युदंडाचे प्रमाणही ठरवले गेले : ढोबळमानाने हजार लोकसंख्येमागे एक. कुठे कमी शिक्षा झाल्या म्हणून दटावणी होई, कुठे अती झाल्या म्हणून लगाम खेचला जाई. पक्षाच्या अंतर्गत अहवालानुसार सुमारे ७ लाख १२ हजार लोकांना मृत्युदंड दिला गेला आणि जवळपास १३ लाख तुरुंगात गेले.

त्याच सुमारास खेड्यांत जमीन सुधारणा चालू होती. सरकारने फर्मान काढून जमीन वाटली असती तरी ती शेतकऱ्यांच्या हाती आलीच असती. पण पक्षाने मुद्दाम वेगळी वाट धरली. गावसभा भरवायची, कुळांनी उभे राहून आपल्यावर झालेला जुलूम सांगायचा आणि जमीनदाराला सगळ्यांसमोर जाब विचारायचा. पिढ्यान्‌पिढ्या दबलेल्या माणसाला त्यात खरा आवाज सापडला, हे नाकारता येत नाही. पण ज्या गावाने जमीनदाराला मारताना पाहिले किंवा हात लावला, ते गाव नव्या राजवटीशी कायमचे बांधले गेले. या काळात मारल्या गेलेल्यांचे अंदाज दहा लाखांपासून पुढे जातात.

शहरांत १९५१-५२ मध्ये ‘तीन विरोध’ आणि ‘पाच विरोध’ या मोहिमा झाल्या. पहिली भ्रष्ट नोकरशहांवर होती, दुसरी व्यापारी-कारखानदारांवर. शांघायमध्ये कामगारांनी मालकांविरुद्ध आणि कारकुनांनी शेठजींविरुद्ध पुरावे आणून दिले. कित्येक व्यापाऱ्यांनी जीव दिला.

प्राध्यापकांची परीक्षा

विद्यापीठांतली मोहीम वेगळ्या सुरात चालली. १९५१ च्या शरद ऋतूत पीकिंग विद्यापीठातून विचार-सुधारणेचे वर्ग सुरू झाले आणि देशभर पसरले. प्राध्यापकाने आपले कुळ, शिक्षण, परदेशातले दिवस आणि जुनी मते यांचा लेखी हिशेब द्यायचा. मग सहकारी आणि विद्यार्थी त्यातली उणीव काढत. कबुली वरवरची वाटली तर पुन्हा लिहायचे. गटाचे समाधान होईपर्यंत सुटका नाही. तत्त्वज्ञ फेंग युलान यांच्यासारख्या नामवंतांनी वर्षानुवर्षे असे आत्मटीकेचे लेख लिहिले.

कोणाला मारहाण न करताही या पद्धतीचा परिणाम होई. माणूस स्वतःच्याच आयुष्याची कहाणी पक्षाच्या शब्दांत सांगू लागे आणि प्रत्येक मसुद्यागणिक आपलीच साक्ष आपल्याविरुद्ध जमा करी. कथाकार शेन त्सोंगवेन यांनी १९४९ च्या मार्चमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केला. वाचल्यावर त्यांनी कथालेखन जवळजवळ थांबवले, बीजिंगच्या इतिहास संग्रहालयात काम धरले आणि पुढे प्राचीन चिनी वेशभूषेचे अभ्यासक म्हणून नाव मिळवले.

फाइल, कामाची जागा आणि शिधा

मोहीम येते आणि जाते. रोजचे नियंत्रण चालवायला तीन कायमच्या व्यवस्था होत्या.

पहिली व्यवस्था ‘दांग-आन’ म्हणजे व्यक्तीची फाइल. शाळेपासून तिच्यात शेरे, कबुलीजबाब, नातलगांची माहिती आणि दुसऱ्यांनी केलेल्या तक्रारी जमा होत. आपल्याकडच्या सरकारी नोकराच्या सेवापुस्तकासारखीच ती माणसाबरोबर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाई. फरक एवढाच की ज्याची फाइल, त्याला ती पाहता येत नसे.

दुसरी ‘दान्वेई’, म्हणजे माणूस जिथे काम करतो ती संस्था. पगार, घर, दवाखाना, पाळणाघर, लग्नाची परवानगी, सगळे तिच्याच हातात. नोकरी सोडून दुसरीकडे जाणे जवळपास अशक्य होते. जो अधिकारी सभेत शेजारी बसून टीका ऐकतो, तोच उद्या खोली मिळणार की नाही हे ठरवतो, अशा ठिकाणी मतभेद मांडायला पोलिसांची भीती वेगळी लागत नाही.

तिसरी ‘हुकोऊ’, म्हणजे कुटुंबाची नोंदणी. १९५३ च्या अखेरीस सरकारने धान्याची खरेदी-विक्री आपल्या हाती घेतली आणि पुढे शहरांत धान्याची कुपने आली. नोंद जिथली, शिधा तिथला. जानेवारी १९५८ च्या नियमांनी खेड्यातून शहरात येण्यावर कायद्याची कडी घातली. पळून जायचे तर खायचे काय, हा प्रश्न प्रत्येकासमोर असे.

या तिन्हींच्या खाली गल्लीगल्लीतल्या रहिवासी समित्या होत्या. पाहुणा कोण आला, किती दिवस राहिला, याची नोंद तिथे होई. वर होत्या श्रमछावण्या. १९५४ च्या नियमांनुसार शिक्षा झालेल्या कैद्यांकडून श्रम करून घेतले जात. ऑगस्ट १९५७ पासून न्यायालयात न नेताही कोणालाही ‘श्रमातून पुनर्शिक्षणा’साठी पाठवता येऊ लागले.

तरीही ‘नाही’ म्हणणारे

एवढे असूनही काहीजण बोलले. इतिहासकार चेन यिन्क यांची दृष्टी गेली होती आणि ते दक्षिणेत ग्वांगझोऊच्या विद्यापीठात शिकवत होते. १९५३ मध्ये विज्ञान अकादमीने त्यांना बीजिंगला इतिहास संस्थेचे प्रमुखपद देऊ केले. त्यांनी दोन अटी घातल्या : संस्थेत मार्क्सवाद मानण्याची आणि राजकीय अभ्यासवर्गांची सक्ती नसावी, आणि तसे माओ किंवा पक्षाचे दुसरे बडे नेते लिऊ शाओची यांनी लेखी द्यावे. अर्थातच ते पद त्यांना मिळाले नाही. ग्वांगझोऊतच राहून त्यांनी आपले लेखन चालू ठेवले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्रामसुधारक विचारवंत लियांग शुमिंग यांनी सरकारी बैठकीत थेट माओंसमोर सांगितले की कामगार स्वर्गात आहेत आणि शेतकरी नरकात. औद्योगिकीकरणाचा बोजा शेतकऱ्यांवर पडतो आहे, हा त्यांचा मुद्दा वस्तुस्थितीला धरून होता. माओंनी त्यांची जाहीर निर्भर्त्सना केली. लियांग यांनी उत्तर देण्यासाठी वेळ मागितला, तेव्हा सभागृहाने त्यांना व्यासपीठावरून खाली उतरवले.

लेखक हू फेंग यांनी तिसरा मार्ग धरला. ते स्वतः डावे आणि क्रांतीचे समर्थक होते. १९५४ मध्ये त्यांनी पक्षाच्या मध्यवर्ती समितीला साहित्यधोरणाबद्दल सुमारे तीन लाख चिनी अक्षरांचे निवेदन दिले. लेखकाला विषयाची आणि शैलीची मोकळीक हवी, असे त्यात होते. जुने मित्र शू वू यांनी हू फेंग यांची खासगी पत्रे पक्षाच्या स्वाधीन केली. मे १९५५ मध्ये ती ‘पीपल्स डेली’त छापून आली, सोबतच्या टिपा माओंनी स्वतः लिहिल्या. हू फेंग यांना अटक झाली आणि ते १९७९ पर्यंत कैदेत राहिले. त्यांच्याशी संबंध जोडून दोन हजारांहून अधिक लोकांची चौकशी झाली. पत्रे देणारे शू वू १९५७ मध्ये स्वतःच ‘उजवे’ ठरले.

पाच आठवड्यांचा मोकळेपणा

फेब्रुवारी १९५६ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चोव्ह यांनी स्टालिनच्या अत्याचारांचा पाढा वाचला. ऑक्टोबरमध्ये हंगेरीत उठाव झाला. माओंनी त्यातून धडा घेतला तो असा की लोकांची नाराजी साचू देता कामा नये. ‘शंभर फुले फुलू द्या, शंभर विचारधारांत वाद होऊ द्या’ ही घोषणा त्यांनी १९५६ च्या मे महिन्यात दिली होती. २७ फेब्रुवारी १९५७ च्या भाषणात त्यांनी जनतेतल्या मतभेदांना शत्रुत्व समजू नका, असे सांगितले. मे महिन्याच्या सुरुवातीला पक्षाने बाहेरच्यांना टीकेचे आवतण दिले. हात पोळलेले लोक आधी कचरत होते. त्यांना पुन्हा पुन्हा आग्रह केला गेला.

मग बांध फुटला. १९ मेपासून पीकिंग विद्यापीठाच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांतली पत्रके झळकू लागली. लिन शीलिंग या विद्यार्थिनीने हू फेंग यांच्या अटकेला जाहीर आव्हान दिले. मंत्री असलेल्या लुओ लोंगजी यांनी जुन्या मोहिमांत भरडल्या गेलेल्यांच्या प्रकरणांचा फेरविचार करणारी समिती मागितली. ‘ग्वांगमिंग डेली’चे संपादक चू आनपिंग यांनी १ जूनला म्हटले की सारा देश एका पक्षाची मालमत्ता झाला आहे. शांघायमध्ये त्या वसंतात पाचशेहून अधिक कारखान्यांत आणि आस्थापनांत कामगारांनी संप आणि निदर्शने केली. कामगारांचेच राज्य म्हणवणाऱ्या पक्षाला ही गोष्ट सर्वांत जास्त झोंबणारी होती.

१५ मे रोजीच माओंनी पक्षांतर्गत टिपण लिहून वारे फिरल्याचे सूचित केले होते. ८ जूनला ‘पीपल्स डेली’च्या अग्रलेखाने प्रतिहल्ला सुरू झाला. १ जुलैच्या अग्रलेखात तर असे म्हटले गेले की हा कट होता असे कोणी म्हणेल, पण आम्ही तो उघडपणे केला. माओंनी सुरुवातीपासून सापळा लावला होता, की टीकेची धार पाहून पवित्रा बदलला, यावर अभ्यासकांत एकमत नाही. बोललेल्या माणसाला मात्र दोन्हींत फरक नव्हता.

साडेपाच लाख ‘उजवे’

ही मोहीम चालवण्याची जबाबदारी देंग शियाओपिंग यांच्यावर होती. सुमारे साडेपाच लाख लोकांवर ‘उजवा’ हा शिक्का बसला. कामगार-शेतकऱ्यांना तो लावायचा नाही, असे ठरले. त्यांच्यातल्या बोलक्यांना ‘वाईट घटक’ म्हटले गेले. ठिकठिकाणी किती टक्के उजवे सापडायला हवेत याचे अंदाज वरून येत, आणि खालचे अधिकारी ते भरून काढत.

शिक्षा पगारकपातीपासून छावणीपर्यंत होत्या. येनानमध्ये चूक कबूल करून सुटलेल्या डिंग लिंग या वेळी सुटल्या नाहीत. त्यांची रवानगी ईशान्येकडच्या थंड ओसाड प्रदेशात झाली. गान्सू प्रांतातल्या वाळवंटाच्या काठावरील जियाबियनगोऊ छावणीत सुमारे तीन हजार उजव्यांना पाठवले गेले. १९६० च्या अखेरीपर्यंत त्यांतले निम्म्याच्या आसपास भुकेने आणि आजाराने मेले.

ऐकणाराच बहिरा झाला

दोन वर्षांत या साऱ्याची किंमत समोर आली. १९५८ मध्ये ‘ग्रेट लीप फॉरवर्ड’ ही उत्पादनवाढीची मोहीम सुरू झाली. खेड्यांत कम्यून आले, शेतीची माणसे पोलाद वितळवायला लावली गेली. पिकाचे आकडे फुगवून सांगण्याची चढाओढ लागली, आणि फुगलेल्या आकड्यांवर सरकारने धान्याची उचल केली. खेड्यांत दुष्काळ पडला. ज्यांनी हिशेब चुकतो आहे असे सांगितले असते, ते अर्थतज्ज्ञ, पत्रकार आणि स्थानिक अधिकारी एक तर छावणीत होते किंवा १९५७ पाहून शहाणे झाले होते.

१४ जुलै १९५९ रोजी संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी पक्षाच्या लुशान इथल्या बैठकीत माओंना खासगी पत्र देऊन खेड्यांतली हलाखी आणि फुगवलेले आकडे यांकडे लक्ष वेधले. माओंनी पत्राच्या प्रती काढून वाटल्या आणि पेंग यांना पदावरून दूर केले. पाठोपाठ पक्षातल्या तीस लाखांहून अधिक लोकांवर ‘उजवे संधिसाधू’ म्हणून कारवाई झाली. त्यानंतर खरे सांगण्याची छाती कोणाला होणार? होनान प्रांतातल्या शिनयांग विभागात लोक उपाशी मरत असताना मदतीची याचना करणारी हजारो पत्रे टपाल कचेऱ्यांत अडवून ठेवली गेली. या दुष्काळातल्या मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. अनेक अभ्यासक तीन कोटींच्या आसपासचा आकडा धरतात.

अमर्त्य सेन यांनी चीन आणि स्वतंत्र भारत यांची तुलना केली ती इथेच. भारतात रोजची भूक आणि कुपोषण मोठे आहे, याबद्दल त्यांनी आपल्याला सूट दिलेली नाही. पण वृत्तपत्रे आणि विरोधी पक्ष असलेल्या देशात तीन वर्षे असा दुष्काळ लपवून ठेवता येत नाही, हे त्यांचे प्रतिपादन चीनच्याच अनुभवावर उभे आहे.

भूमिगत ‘ठिणगी’

दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेल्या काहींनी परिणाम ठाऊक असूनही लिहिले. लानझोऊ विद्यापीठातले ‘उजवे’ विद्यार्थी आणि शिक्षक गान्सूच्या तियानशुई भागात मजुरीला पाठवले होते. १९६० च्या आरंभी त्यांनी ‘ठिणगी’ या अर्थाच्या नावाचे एक नियतकालिक हाताने चक्रमुद्रित करून काढले. शेतकऱ्यांची उपासमार आणि पक्षातली नवी सरदारशाही हे त्यांचे विषय होते. दुसरा अंक वाटला जाण्याआधी चाळीसहून अधिक जण पकडले गेले. प्रमुख संपादक झांग चुनयुआन आणि त्यांना मदत करणारे स्थानिक पक्षाधिकारी दू यिंगहुआ यांना १९७० मध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

या नियतकालिकात जिची कविता होती ती लिन झाओ पीकिंग विद्यापीठातून १९५७ मध्ये ‘उजवी’ ठरलेली विद्यार्थिनी. तिला १९६० मध्ये अटक झाली. शांघायच्या तुरुंगात लेखणी काढून घेतल्यावर तिने स्वतःच्या रक्ताने लिहिले. तिच्याकडून कबुली हवी होती आणि तीच तिने दिली नाही. २९ एप्रिल १९६८ रोजी तिला मृत्युदंड दिला गेला. नंतर पोलीस घरी आले ते गोळीचे पाच फेन, म्हणजे चिनी पैसे, वसूल करायला.

दुरुस्ती झाली ती कशाची?

माओंच्या मृत्यूनंतर, १९७८ पासून, शिक्के पुसण्याचे काम सुरू झाले. १९५७ ची मोहीम ज्यांनी चालवली तेच देंग आता सत्तेत होते. साडेपाच लाखांतल्या जवळपास सर्वांना दोषमुक्त ठरवले गेले. १९५८ मध्ये उजवे ठरलेले झू रोंगजी तर १९९८ मध्ये देशाचे पंतप्रधान झाले. विनाखटला श्रमछावणीत पाठवण्याची पद्धत २०१३ च्या डिसेंबरमध्ये रद्द झाली.

पण १९८१ च्या ऐतिहासिक ठरावात पक्षाने नोंदवले की उजव्यांविरुद्धची मोहीम आवश्यकच होती, फक्त तिची व्याप्ती अवाजवी वाढली. ती आवश्यक होती हे दाखवायला कोणीतरी खरा ‘उजवा’ उरायला हवा होता. म्हणून शंभराहूनही कमी लोकांचे शिक्के तसेच ठेवले गेले. त्यांत लुओ लोंगजी होते, लिन शीलिंग होती, आणि १९६६ मध्ये बेपत्ता झालेले चू आनपिंगही होते. पक्षाने आकडा चुकला हे मान्य केले. कोणाचे बोलणे शत्रूचे आणि कोणाचे मित्राचे, हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याने आपल्याकडेच राखला.